नदीची तब्येत ओळखणाऱ्या डॉ. रूथ पॅट्रिक

एकदाच रक्तदाब मोजून आम्ही डॉक्टर निदान करत नाही. नदीचंही तसंच आहे. पाण्याचा नमुना घेऊन रसायनं मोजली, तर त्या क्षणाचंच चित्र कळतं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून जातं. त्याचा परिणाम तिथल्या जीवांवर मात्र राहतो.

हे ओळखलं अमेरिकेच्या डॉ. रूथ पॅट्रिक (१९०७-२०१३) यांनी. फिलाडेल्फियाच्या अकादमीत सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी बिनपगारी काम केलं. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा खोऱ्यात त्यांच्या पथकाने शेवाळ, कीटक, मासे असे सगळेच जीव तपासले. निष्कर्ष सोपा होता: निरोगी पाण्यात जाती पुष्कळ असतात, प्रदूषण वाढलं की नाजूक जाती जातात आणि मोजक्या चिवट जाती माजतात. काचेसारखं कवच असलेलं डायटम हे सूक्ष्म शेवाळ त्यांचं खास निदानसाधन होतं.

तुमच्या गावच्या नदीवर नुसती जलपर्णीच पसरली आहे का? मग ती नदी आजारी आहे, असं समजा. आणि हो, पाणी नितळ दिसलं तरी त्यात रोगजंतू असू शकतात. म्हणून नदी-विहिरीचं पाणी उकळूनच प्या.