बरगड्या मोजण्याची कुळकथा

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, बहुतेक लोक दारापाशी मकरावर उभ्या असलेल्या गंगेचे फोटो काढतात आणि कैलासाची घाई करतात. आतल्या दालनात सप्तमातृका आहेत आणि त्यांच्या शेजारी हाडांचे सापळे. काल आणि काली अशी त्यांची ओळख सांगतात. पोट पाठीला लागलेलं, कातडी हाडांवर ताणलेली आणि छातीवर बरगड्यांच्या ओळीच ओळी. चौदाव्या लेण्यात, ‘रावण की खाई’त, हीच जोडी पुन्हा भेटते. रामेश्वर साधारण सहाव्या शतकातलं. माणसाची छाती आतून कशी असते हे दगडात उतरवण्याचा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातला इतका जुना दुसरा प्रयत्न निदान माझ्या पाहण्यात नाही.

हे कोरायला त्या कारागिरानं प्रेत फाडलं असेल असं मला वाटत नाही. गरजच नव्हती. छातीतलं काळीज दिसत नाही, फुप्फुस दिसत नाही, पण उपाशी माणसाच्या बरगड्या कुणालाही दिसतात, आणि मराठवाड्यानं उपासमार काही कमी पाहिलेली नाही. कारागिराला हवी होती भीती. बरगड्या नेमक्या किती, याच्याशी त्याचं काम अडत नव्हतं. ज्यांचं अडत होतं ते वैद्य.

वैद्यांचे आकडे पहिल्यांदा वाचले की माणूस चक्रावतो. चरकसंहितेत शरीरातली हाडं 360, सुश्रुतसंहितेत 300. सुश्रुत स्वतःच सांगतो की वेदवादी 360 म्हणतात, शल्यतंत्रात मात्र तीनशेच. आजचा आकडा 206. एका कुशीत किती हाडं? सुश्रुताच्या मते 36, दुसऱ्या कुशीत आणखी 36. म्हणजे बहात्तर बरगड्या! हसून पान उलटावं असा मोह होतो. पण चरकाकडे गेलं की हिशेब उलगडतो: 24 पर्शुका, तितकीच स्थालकं आणि तितकीच स्थालकार्बुदं. चोवीस त्रिक बहात्तर. बरगडीचं मुख्य हाड वेगळं मोजलं आणि ते जिथे सांधतं तिथले भागही वेगळे मोजले. रुडॉल्फ हर्नले या पंडितानं 1907 साली प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर अख्खं पुस्तक लिहून हे असे गुंते सोडवले. मूळ आकडा चोवीसच, बारा डाव्या आणि बारा उजव्या. आजही तेवढाच आहे.

इतकं अचूक कसं जमलं? उत्तर सुश्रुताच्या पद्धतीत आहे. प्रेत निवडायचं ते विषानं न मेलेल्या, फार दिवस आजारी नसलेल्या, शंभरी न गाठलेल्या माणसाचं. आतड्यातला मळ काढून ते मुंज, कुश, ताग असल्या कशात तरी गुंडाळायचं आणि पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात, आडोशाला ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरी नाहीच.

माझ्या मते या पद्धतीचं यश आणि अपयश दोन्ही छातीत दिसतं. सात रात्री पाण्यात राहिल्यावर हाडाला काही होत नाही, मऊ भागाची मात्र दैना होते. म्हणून बरगड्या चोख मोजल्या गेल्या. पण हृदय म्हणजे खाली तोंड केलेलं कमळ, त्याच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुप्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम, असा नकाशा राहिला. फुप्फुस फक्त डावीकडे! क्लोम म्हणजे नेमकं काय, यावर वैद्य आजही वाद घालतात.

दूरच्या युरोपात चूक वेगळ्या वाटेनं झाली. गॅलेननं माकडं आणि इतर प्राणी फाडले आणि माणसाच्या उरोस्थीचे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचे, सात तुकडे सांगितले. हजारभर वर्षं तेच खरं मानलं गेलं. आदमाची एक बरगडी काढून बाईला घडवलं, म्हणून पुरुषाला एक कमी, अशी समजूतही चालू होती. 1543 साली व्हेसॅलियसनं दोन्ही निकालात काढल्या: उरोस्थी तीन भागांची, आणि बाई असो की पुरुष, बरगड्या बाराच जोड्या.

आपल्याकडे सुरीनं शवविच्छेदन 1836 साली कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांच्या हातून सुरू झालं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निजामाकडे होतं, आणि हैदराबादेत 1846 ला निघालेल्या वैद्यकीय शाळेत शिकवणं उर्दूत होतं. तिथे शिकलेल्यांनी बरगडीला आधी पसलीच म्हटलं असणार. औरंगाबादला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 1956 उजाडलं. तेच आपलं घाटी. मराठवाड्यातलं हे पहिलं.

असल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या पोराला छाती तपासायला दिली की पहिलं काम असतं बरगड्या मोजण्याचं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडामागे दडलेली, ती बोटाला लागत नाही. म्हणून गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवायचं, उरोस्थीवरून खाली सरकवायचं, चार-पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याला जुळलेली ती दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत जायचं. या उंचवट्याच्याच पातळीवर आत श्वासनळीचे दोन फाटे होतात, आणि हृदयातून निघालेल्या महारोहिणीची कमान इथेच सुरू होऊन इथेच संपते.

पुढचे सगळे पत्ते बरगड्यांच्या आकड्यांनीच सांगतात. डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत हृदयाचं टोक धडधडतं. महारोहिणीच्या झडपेचा आवाज ऐकायला नळी उजवीकडच्या दुसऱ्या फटीत, फुप्फुसरोहिणीच्या झडपेचा ऐकायला डावीकडच्या. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोनच, कारण तिकडे हृदयाला जागा द्यावी लागते. वरच्या सात बरगड्या थेट उरोस्थीला जोडलेल्या, आठवी ते दहावी वरच्या कूर्चेला लटकलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात, आणि तळाशी छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली दबतो. एक्स-रे काढणारा ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणतो ते याचसाठी; फोटोत पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास नीट भरला होता असं समजायचं. काही जणांना मानेच्या मणक्यातून एखादी जास्तीची बरगडीही निघते, शंभरात एकाहूनही कमी जणांना, आणि ती हाताच्या नसा दाबून मुंग्या आणू शकते. चरकाच्या चोवीसमध्ये ती बसत नाही.

मोजणीत चुकलं की काय होतं, ते छातीतलं पाणी काढताना कळतं. क्षयाच्या रोग्याला फुप्फुसाभोवती पाणी साचतं, आणि ते पाठीकडून किंवा कुशीतून सुई घालून काढतात. फार खाली टोचलं तर सुई उजवीकडे यकृतात, डावीकडे प्लीहेत जायची. फट बरोबर सापडली तरी काम अर्धंच. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते, तिच्यात वरून खाली शीर, रोहिणी आणि मज्जातंतू लपलेले असतात. म्हणून फटीतून सुई घालायची ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासत.