शंकू, सूची आणि रास

आइस्क्रीमचा कोन आणि भूमितीतला कोन यांचा नात्यागोत्याचा संबंध नाही. पहिला ग्रीक 'कोनोस'वरून, म्हणजे पाइनच्या फळावरून निघून इंग्रजीवाटे आपल्या हातात आला. दुसरा संस्कृतातला कोपरा. गणिताच्या तासाला पहिल्याला आपण शंकू म्हणतो, आणि खरी गंमत या शब्दात आहे.

शंकू म्हणजे मुळात खुंटी. जमिनीत उभी ठोकायची आणि तिच्या सावलीवरून दिशा ठरवायची. शुल्बसूत्रांतला शंकू हाच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (1150) तो बारा अंगुळांचा होऊन सावली पाडतो. शिवाय एकावर तेरा शून्ये या संख्येचं नावही शंकूच. मग आपल्या शंकूला भास्कराचार्य काय म्हणतात? सूची. सुईसारखा निमुळता होत जाणारा, म्हणून. सूचीचं घनफळ तेवढ्याच तोंडाच्या आणि खोलीच्या सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

पण सूची वहीत काढायची. खळ्यावर असते ती रास, आणि राशीचा 'लीलावती'त स्वतंत्र हिशेब आहे. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करा, उंचीने गुणा, घनहात मिळाले. (घनहात म्हणजेच मगधातली एक खारी, त्यामुळे उत्तर थेट मापात.) आता परिघ दोरीने मोजता येतो; उंचीसाठी मात्र ढिगात काठी खुपसावी लागणार. म्हणून उंचीच्या जागी परिघच घालायचा: जाड्या धान्याला परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. कुसळं एकमेकांत अडकतात, रास उंच राहते. परिघ 'प' धरला तर जाड्या धान्याची रास प²/36 गुणिले प/10, म्हणजे प³/360. दोन अज्ञातांचं एकच उरलं. परिघ 60 हात असेल तर 600 खारी.

या सूत्रातलं बारीक धान्य म्हणजे 'अणु'. आज ज्याच्या नावाने भट्ट्या चालतात तो अणू तिथे राईएवढा दाणा आहे.

त्या 36 मध्ये π गुपचूप 3 होऊन बसलाय. 22/7 आणि 3927/1250 दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाने खळ्यावर 3 चालवून घ्यावा, हे मला फार आवडतं. अचूक हिशेबाने रास 573 भरते. घेणाऱ्याला सत्तावीस खारींचा फटका, पण उभ्या उभ्या तोंडी हिशेब.

सोलापूर-मराठवाड्याकडे आजही 'ज्वारीची रास चालू आहे' म्हणतात, म्हणजे मळणी. आणि शाळेत तोच शब्द 'बैजिक राशी' होऊन फळ्यावर येतो. त्रैराशिकातही तोच. ज्याची किंमत काढायची तो ढीगच, मग तो ज्वारीचा असो की 'क्ष'चा.

रास नेहमी मोकळ्यावर नसते, हेही भास्कराचार्यांना माहीत होतं. घराच्या आतल्या कोपऱ्यात ओतलेल्या राशीचा दिसतो तो परिघ चौपट करायचा, हिशेब करायचा आणि उत्तराचा चौथा भाग घ्यायचा. दोरी 15 हात भरली तर 60 धरायचे, 600 चे 150 करायचे. कोनात बसलेला कोन तो हाच.