न्हाऊ घालणारा हात : केस व त्वचेच्या नित्य निगेचे भारतीय वाङ्मयातील रूप

मराठीत ‘आंघोळ करणे’ आणि ‘न्हाणे’ या दोन क्रिया बोलीत अद्याप पुष्कळ ठिकाणी वेगळ्या राखल्या जातात. अंगावर पाणी घेणे ही आंघोळ. केस मोकळे करून डोक्यावरून पाणी घेणे हे न्हाणे. या दुसऱ्या क्रियापदाला ‘न्हाऊ घालणे’ असे एक प्रयोजक रूप जोडलेले आहे आणि व्यवहारात ते मूळ रूपाइतकेच, किंबहुना अधिक भावार्थाने, वापरले जाते. आई लेकराला न्हाऊ घालते, सुईण बाळंतिणीला न्हाऊ घालते. संस्कृत ‘स्ना’ धातूपासून प्राकृतातून आलेल्या या शब्दकुळातच ‘न्हावी’ हा शब्दही बसतो. पाली वाङ्मयात त्याचे पूर्वरूप ‘नहापित’ असे आढळते. केस कापणे ही या व्यावसायिकाची ओळख झाली असली तरी शब्दाच्या पोटात तो स्नान घालणारा आहे. केस आणि कातडी यांची रोजची निगा ही भारतीय वाङ्मयात क्वचितच एकट्या माणसाची गोष्ट म्हणून येते. ती दोन शरीरांमधील क्रिया आहे. आणि ज्याच्या निगेसाठी दुसरा हात उपलब्ध नाही, त्याची स्थिती सांगण्याचे साधन म्हणून कवींनी, स्मृतिकारांनी आणि संतांनी तेलपाण्याचा उपयोग केला आहे.

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पहिल्या ध्यानाची अवस्था समजावण्यासाठी बुद्धाने योजलेला दृष्टान्त स्नानगृहातला आहे. कुशल स्नापक किंवा त्याचा शिकाऊ मदतनीस काशाच्या भांड्यात स्नानचूर्ण घेऊन त्यावर पाणी शिंपडत ते मळतो. गोळा आतबाहेर ओलाव्याने भिनतो, पण पाणी पाझरत नाही. ध्यानसुखाने देह व्यापण्याची कल्पना श्रोत्यांना अशा कारागिरीतून कळावी, यावरून ती किती परिचित असेल हे उघड आहे. संन्यस्तांना उद्देशून असलेल्या उपदेशात उपमान मात्र गृहस्थाच्या न्हाणीतून यावे, ही त्यातली खरी गंमत. विनयपिटकात शाक्य राजपुत्रांबरोबर उपाली हा त्यांचा न्हावी प्रव्रज्या घेतो. आपला कुलाभिमान गळावा म्हणून राजपुत्र स्वतःच त्याला आधी दीक्षा देण्याची विनंती करतात, म्हणजे पुढे त्यांना त्याच्यापुढे वाकावे लागेल. जो हात त्यांच्या देहाची निगा राखत होता तोच संघात ज्येष्ठ ठरला.

वैद्यकीय संहितांचा सूर याहून निराळा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे समर्थन करताना दिलेली उदाहरणे घट, चामडे आणि गाडीचा आस यांची आहेत. तेल मुरलेल्या या वस्तू जशा बळकट व घर्षण सोसणाऱ्या होतात, तसे शरीर होते. येथे काव्य नाही. सुतार आणि चर्मकार यांच्या अनुभवातून आलेले ज्ञान आहे. त्याच अध्यायात डोक्याला नित्य तेल लावल्याने केस गळत नाहीत, अकाली पिकत नाहीत असे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येत अभ्यंगानंतर व्यायाम, मग उद्वर्तन आणि मग स्नान असा क्रम आहे. मस्तक, कान व तळपाय यांवर विशेष भर आहे. आणि ऊन पाणी कमरेखाली हितकर असले तरी डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांना अपायकारक, असा व्यवहारी इशाराही आहे. मराठीतील ‘उटणे’ आणि हिंदीतील ‘उबटन’ हे दोन्ही शब्द या ‘उद्वर्तना’चेच वंशज होत. कामसूत्रातील नागरकाचे वेळापत्रक तर अगदी काटेकोर आहे : स्नान रोज, अंग चोळून घेणे दिवसाआड, फेस येणाऱ्या द्रव्याचा उपयोग तिसऱ्या दिवशी, श्मश्रुकर्म चौथ्या दिवशी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीच्या प्रकरणात केस रंगवण्याच्या आणि धुण्याच्या कृती दिल्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे 1129 ते 1131) राजाच्या उपभोगांमध्ये ‘स्नानभोग’ हे स्वतंत्र प्रकरण आहे.

या सर्व ग्रंथांत क्रिया कोणावर करावी हे तपशिलाने येते. ती कोण करतो याचा उल्लेख गौण असतो किंवा गृहीत धरलेला असतो. सेवकाचा हात वाक्याच्या कर्मणी प्रयोगात लपतो. शास्त्राला तो दिसत नाही असे नव्हे. त्याला त्याचे नाव घ्यावेसे वाटत नाही, एवढेच.

निगेचे सामाजिक मर्म विधीपेक्षा निषेधात अधिक स्पष्ट होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला अभ्यंग आणि अंजन वर्ज्य सांगितले आहे. पुढील धर्मशास्त्रीय परंपरेत तांबूल व अभ्यंग यति, ब्रह्मचारी आणि विधवा या तिघांनाही एकाच ओळीत नाकारले जातात. या तिघांना एकत्र आणणारे सूत्र कोणते? तिघेही गृहस्थाश्रमाच्या बाहेरचे. म्हणजे तेल ही केवळ आरोग्याची वस्तू नाही. ते संसारात असल्याचा पुरावा आहे. ‘स्नेह’ या एकाच संस्कृत शब्दाने तेल आणि माया या दोहोंचा बोध व्हावा हा श्लेष कवींनी पुष्कळ वापरला. धर्मशास्त्राने तो अक्षरशः अमलात आणला. पण तिघांमधला भेदही दुर्लक्षिता येत नाही. ब्रह्मचाऱ्याचा निषेध काही वर्षांचा आहे आणि समावर्तनाच्या स्नानाने तो संपतो. यतीने तो स्वतः पत्करला आहे. जैन परंपरेत तर केशलोच ही साधूची क्रिया आहे, आणि कल्पसूत्रातील वर्णनानुसार महावीराने पाच मुठींत स्वतःचे केस स्वतः उपटले. दुसऱ्या हाताची गरजच नाकारणे, हा तेथील त्यागाचा आशय. विधवेच्या बाबतीत मुदतही नाही आणि निवडही नाही.

तेलाचा अभाव काव्यात मात्र विरहाचे चिन्ह म्हणून येतो, आणि तो तात्पुरता असतो. मेघदूतातील यक्षपत्नीचे केस तेलाविना, नुसत्या पाण्याच्या स्नानाने राठ झालेले आहेत. विरहाच्या पहिल्या दिवशी बांधलेली तिची एकवेणी शाप संपल्यावर यक्षाने स्वतःच्या हाताने सोडायची आहे. येथेही केस दुसऱ्या हाताची वाट पाहतात. तमिळ ‘शिलप्पदिकारम्’मध्ये याच चिन्हाचे अधिक गुंतागुंतीचे उपयोजन दिसते. कोवलन् माधवीकडे गेल्यावर कण्णगीच्या डोळ्यांना अंजनाचा, कपाळाला तिलकाचा आणि काळ्याभोर केसांना तेलाचा विसर पडतो. पुढे रुसलेल्या कोवलनाला प्रसन्न करण्यासाठी माधवी दहा तुरट द्रव्ये, पाच सुगंध आणि बत्तीस प्रकारची स्नानद्रव्ये भिजवलेल्या पाण्याने न्हाते आणि केस धूपावर वाळवते. दोन स्त्रियांमधील विषमता कवीने विशेषणांनी सांगितलेली नाही; एकीकडे मोजदाद आहे, दुसरीकडे विस्मरण. मदुरेच्या राजसभेत कण्णगी धूळभरल्या मोकळ्या केसांनी उभी राहते तेव्हा विरहिणीचे चिन्ह आरोपकर्तीचे झालेले असते. संस्कृत आणि तमिळ परंपरांच्या तुलनेत केशसंभाराच्या उपमांवर बराच काळ लक्ष केंद्रित झाले. कोरड्या केसांकडे तेवढे गेले नाही. वस्तुतः दोन्ही परंपरा तेलाच्या नावातही जवळ येतात. ‘तैल’ तिळापासून, आणि तमिळ ‘एण्णेय्’ हा तीळवाचक ‘एळ्’ व स्निग्ध पदार्थ सुचवणारा ‘नेय्’ यांचा समास.

मराठीत या विषयाला निर्णायक वळण मिळते ते जनाबाईच्या नावावरील अभंगांत. लीळाचरित्रात चक्रधरांच्या नित्यक्रमात ‘मर्दना’ येते, पण तेथे सेवा भक्तांकडून गुरूकडे जाते. दिशा अपेक्षितच आहे. जनाबाईच्या अभंगांत ती उलटते. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलत बसली असता चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिच्या डोक्याला चोळतो आणि तिच्यावर पाणी घालतो. कारण जनीला तसे करणारे दुसरे कोणी नाही. या प्रसंगाचे वाचन भक्तवत्सलतेचा दाखला म्हणून नेहमी केले जाते. त्यात चूक नाही, पण ते अपुरे आहे. जनी नामदेवाच्या घरची दासी. इतरांचे पाणी भरणे, दळणकांडण करणे हे तिचे काम. म्हणजे वैद्यकीय ग्रंथांच्या कर्मणी प्रयोगात लपलेला हात तो तिचाच. त्या हाताची निगा कोणी राखायची, हा प्रश्न ग्रंथकारांना पडलेला नाही. अभंगात तो पडतो, आणि उत्तरासाठी देवालाच खाली यावे लागते. तेलाऐवजी लोणी यावे हेही सूचक आहे : कृष्णाच्या बाळलीलेतील चोरीचा पदार्थ येथे दासीच्या डोक्याला लागतो. यक्षपत्नीची वेणी पतीसाठी थांबली होती. जनीची वेणी कोणासाठीही थांबलेली नाही, तरी ती उकलली जाते.

एकोणिसाव्या शतकात हाच हात सार्वजनिक वादाचा विषय झाला. ब्राह्मण विधवांच्या केशवपनाची रूढी न्हाव्यावाचून पार पडू शकत नव्हती. 1890 मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे मुंडन न करण्याचा ठराव केला. त्यामागे ‘दीनबंधु’चे संपादक व सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. त्याआधी 1882 मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाले होते, आणि 1887 मध्ये पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती परदेशी वाचकांपुढे मांडली होती. ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः आलेल्या हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमूचे केशवपन हा कथेचा सर्वांत असह्य क्षण ठरतो. सुधारक निबंधकार कायदा व शास्त्र यांचा खल करत असताना न्हाव्यांनी घेतलेली भूमिका अत्यंत साधी होती : वस्तरा आपल्या हातात आहे. कादंबरी आणि ठराव एकाच वर्षातले असूनही मराठी वाङ्मयेतिहासात ते शेजारी ठेवले जात नाहीत, ही उणीव लक्षणीय आहे.

याच सुमारास निगेच्या शब्दसंग्रहातून दुसऱ्या माणसाचे उच्चाटन सुरू झालेले दिसते. ‘शॅम्पू’ या शब्दाचा प्रवास त्याचे उत्तम उदाहरण. हिंदीतील ‘चांपना’ म्हणजे दाबणे, चेपणे; ‘चांपो’ हे त्याचे आज्ञार्थी रूप. अठराव्या शतकात तो इंग्रजीत गेला तो अंग चोळून देण्याच्या अर्थाने. पाटण्यात 1759 मध्ये जन्मलेल्या शेख दीन मुहम्मदाने 1794 मध्ये कॉर्क येथे आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले, पुढे ब्रायटनला बाष्पस्नानाचे व अंगमर्दनाचे गृह चालवले आणि 1822 मध्ये त्या उपचारावर पुस्तक लिहिले. चौथ्या जॉर्ज राजाचा ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणून तो ओळखला गेला. तेथवर हा शब्द हाताचाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला केस धुण्याचा अर्थ आला, पुढे तो धुण्याच्या द्रव्याला लागला, आणि दुसऱ्याला उद्देशून केलेली आज्ञा बाटलीतील पदार्थ होऊन भारतात परतली.

बंगालमध्ये तेलाने साहित्याशी वेगळे नाते जोडले. हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या प्रसारासाठी 1896 मध्ये कथास्पर्धा सुरू केली. कथेत तेलाचा उल्लेख यावा पण ती जाहिरात वाटू नये, अशी अट होती. त्या वर्षीचे पारितोषिक मिळवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांच्या कथेत समुद्रावरील वादळ कुंतलीनची बाटली ओतून शांत केले जाते. बंगालीतील आद्य विज्ञानकथांत तिची गणना होते. 1903 मध्ये शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘मंदिर’ ही कथा दुसऱ्याच्या नावाने याच स्पर्धेत पारितोषिक मिळवून गेली. डोक्याला चोळायचे तेल येथे लाटांवर पडते; लावणारा नाही, लावून घेणाराही नाही. बाजारपेठेने वस्तूला संबंधापासून सोडवले की ती कथेत कोणतेही काम करू शकते, असा याचा अर्थ लावता येईल.

अर्थात द्रव्य म्हणून तेलाचा गुण परंपरेने सांगितला तो सगळाच श्रद्धेचा भाग नव्हे. केशतेल बनवणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाला. इतर दोहोंनी झाला नाही. संशोधन उत्पादकाचे आहे हे ध्यानात ठेवावे लागते. शिकेकाई आणि रिठा यांत फेस आणणारी सॅपोनिने असतात, हेही सिद्ध आहे. मात्र शिकेकाई उकळून, गाळून, दुसऱ्याने ओतावी लागते. डोळे मिटलेल्या माणसाला ती स्वतः घेणे अवघड. पुडीतला शॅम्पू ही अडचण दूर करतो.

आजच्या मराठीत ‘शॅम्पू करणे’ हे क्रियापद कर्त्याने स्वतःवर करण्याचे आहे. ‘न्हाऊ घालणे’ मुख्यतः बाळ आणि बाळंतीण यांच्यासाठी उरले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र घरातील मोठी माणसेही पाटावर बसतात आणि तेल दुसऱ्याच्या हाताने लावून घेतात. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला आणि अखेर मृताला कोणीतरी आंघोळ घालते.