बीड जिल्ह्यातील इतिहाससाधने आणि स्थानिक संग्रहाचे कार्य

मराठी भाषेच्या व वाङ्मयाच्या प्राचीन इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे बीड जिल्ह्याचे नाव वारंवार घ्यावे लागते. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाई येथे दाखविली जाते. दासोपंतांचे वास्तव्य व समाधी त्याच नगरीत आहे. यादव नृपती सिंघण ह्याचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या घराण्याचे शिलालेखही तेथलेच आहेत. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची पोथी बीडच्या पाटांगणातून मिळालेली होती. ह्या साधनांवर विपुल लेखन झालेले आहे; परंतु ती कोणी जपली, कोणाच्या हाती गेली आणि त्या हस्तांतराची नोंद कितपत राहिली, हा प्रश्न बहुधा गौण मानला जातो. वस्तुतः साधनावरून काढलेल्या निष्कर्षाची विश्वसनीयता पुष्कळ अंशी ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. स्थानिक इतिहास मंडळ व वस्तुसंग्रहालय ह्यांचे खरे प्रयोजन येथेच आहे.

प्रथम पाटांगणच्या पोथीचा विचार करू. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) ह्यांनी पायपीट करून जी दप्तरे व पोथ्या मिळविल्या त्यांत ह्या पोथीचे स्थान विशेष आहे. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन केले, त्यानंतर त्यांच्या शुद्ध पाठाचाच सर्वत्र प्रसार झाला. पाटांगणची पोथी एकनाथपूर्वकालीन आहे असा राजवाड्यांचा निर्णय होता. ती त्यांनी १९०९ साली छापली व तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाची उभारणी त्या ग्रंथाला वगळून करता येत नाही. महाराष्ट्र शासनानेही १९६० साली ही राजवाडे संहिता पुन्हा प्रकाशात आणली.

परंतु मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. ह्या हानीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथ बुडाला असे झालेले नाही; संहिता छापील रूपात सुरक्षित आहे. बुडाला तो पुरावा. एक साधे उदाहरण घ्यावे. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाचे प्रथमेचे एकवचन उकारान्त होते : ‘देवु’, ‘लोकु’. एखाद्या पोथीत अशी रूपे सातत्याने आली तर ती पोथी जुनी, असे अनुमान स्वाभाविकपणे केले जाते. पण उत्तरकालीन लेखकही जुन्या वळणाचा आदर म्हणून अशी रूपे लिहू शकतो, आणि कित्येकदा जेथे ती नसावयास हवीत तेथेही लिहून जातो. ह्या दोहोंतील भेद ओळखावयाचा तर अक्षराचे वळण, कागद, शाई, समासातील दुरुस्त्या आणि खाडाखोड ही सर्व प्रत्यक्ष पाहावी लागतात. छापील पानावर त्यांपैकी काहीच उरत नाही. त्यामुळे राजवाड्यांचा कालनिर्णय मान्य करणारा व नाकारणारा, दोघेही एकाच छापील ग्रंथाचा आधार घेतात, आणि वाद निर्णायकपणे मिटविण्याचे साधन कोणाच्याच हाती नाही.

ह्याच्या उलट अवस्था दासोपंतांच्या पासोडीची आहे. दासोपंत (१५५१–१६१५) ह्यांची ग्रंथरचना अवाढव्य आहे. एकट्या गीतार्णवाचीच ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाड दुहेरी वस्त्र. तशा वस्त्रावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. दासोपंतांच्या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यातही राजवाड्यांचा वाटा मोठा होता, आणि न. शे. पोहनेरकर ह्यांनी पुढे ही पासोडी संपादित केली. तथापि संपादनानंतरही मूळ वस्त्र अंबाजोगाईतच राहिले. दासोपंतांच्या वंशजांची थोरले देवघर व धाकटे देवघर अशी दोन घरे आहेत. त्या परंपरेने ते पूज्य वस्तू म्हणून सांभाळले. त्यामुळे मुद्रित पाठाविषयी शंका आल्यास वस्त्राकडे परत जाता येते.

येथे भक्तीने संशोधनाचे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र भक्तीची मर्यादाही आहे. पूज्य वस्तूची घडी उत्सवप्रसंगी उलगडली जाते व पुन्हा मिटली जाते. प्रत्येक वेळी घडीच्या रेषेवरील धागे झिजतात. दमट हवा व कसर ह्यांना वस्तूच्या पावित्र्याची जाणीव नसते. वस्तू गावात राहिली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. पाटांगणच्या पोथीला प्रसिद्धी मिळाली, पण तिचे जतन झाले नाही. पासोडीचे जतन श्रद्धेने झाले, पण केवळ श्रद्धेवर ते कायम विसंबून राहू शकत नाही.

शिलालेखांच्या बाबतीत स्थानाचे महत्त्व अधिकच स्पष्ट होते. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत धारातीर्थी पडला आणि त्याच्या स्मरणार्थ भगिनी लक्ष्मी हिने अंबाजोगाई येथे रामनारायणाचे मंदिर बांधले, असे तेथील लेखावरून कळते. ह्या लेखाचा ठसा कोणत्याही ग्रंथालयात वाचता येईल. परंतु बहिणीने भावासाठी कोणती जागा निवडली, ती देवीच्या स्थानापासून व अन्य मंदिरांपासून कोठे होती, हे केवळ ठशावरून समजणार नाही. शिळा हलविली आणि मूळ जागेची नोंद राहिली नाही, तर लेखातील अक्षरे शाबूत असूनही त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

बीड जिल्ह्यात ही नोंद तुटक राहण्यास राजकीय कारणेही आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी व नंतर उर्दू होती, आणि राज्याचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेस साठत गेले. अंबाजोगाईचे नाव त्या काळी मोमिनाबाद असे होते. म्हणून जुन्या सूचींत ‘आंबे’ वा ‘अंबाजोगाई’ एवढेच शोधणाऱ्यास निम्मी साधने सापडतच नाहीत. बीडच्या इतिहासावरील ‘तारीख-ए-बीर’ हा काझी मुहम्मद कुतबुल्ला ह्यांचा ग्रंथ १८९८ मधील असून तो उर्दूत आहे. मराठी पोथी, मोडी कागद, फारसी सनद आणि उर्दू तवारीख ही चारही एकाच लोकसमूहाच्या जीवनाची साधने होत. त्यांतील एकाच लिपीचा स्वीकार करणारा संग्रह जिल्ह्याचा इतिहास सांगू शकणार नाही.

अशा कार्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. बीडच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावच्या पांढरीत मिळणारी मृण्मये, मणी व नाणी वर्षानुवर्षे गोळा केली, आणि त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय निर्माण झाले. अशा वस्तू कोणत्या थरातून आल्या हे नेहमी सांगता येत नाही. तथापि त्या तेरच्याच आहेत हे निश्चित राहिले, आणि पुढील शास्त्रीय उत्खननांना त्यांच्याशी तुलना करता आली. एका व्यक्तीच्या चिकाटीने एवढे साधते, तर संघटित मंडळाकडून अधिक अपेक्षा करणे गैर नव्हे.

स्थानिक मंडळांसंबंधी एक आक्षेप घेतला जातो, तो असा की, ती गावाच्या अभिमानाने आंधळी होतात. त्यात तथ्य आहे. विवेकसिंधूचा रचनाकाल परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानतात. त्या कालाविषयी जसा मतभेद आहे, तसाच मुकुंदराजांची अंबानगरी म्हणजे मराठवाड्यातील अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरे, ह्याविषयीही आहे. एखाद्या मंडळाने केवळ आपल्या पक्षास अनुकूल अशा पोथ्या जपल्या, तर ते संग्रहालय न राहता वकीलपत्र होईल. ह्यावर उपाय म्हणजे प्रतिकूल साधनही त्याच दक्षतेने नोंदणे. प्रत्येक वस्तूचे मूळ स्थान, देणाऱ्याचे घराणे, मिळाल्याची तारीख, तत्कालीन स्थिती आणि पुढील प्रत्येक हस्तांतर ह्यांची नोंदवही, तसेच वस्तूचे छायाचित्र, एवढे झाले तरी प्रारंभ पुरेसा आहे. पोथी घराण्याकडेच ठेवून तिची प्रतिकृती तेवढी मंडळाने घ्यावी, हा मार्गही मालकांची श्रद्धा न दुखविता अवलंबिता येतो.

राजवाड्यांची दृष्टी बीडपर्यंत पोचली म्हणून पाटांगणची संहिता आज वाचावयास मिळते. हे ऋण मोठे आहे. पण पोथी जेथून निघाली तेथे तिचे वर्णन लिहून ठेवणारे, आणि ती परत मागणारे, कोणी नव्हते. संशोधक वस्तूपर्यंत एकदा येतो व निघून जातो. त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या संशोधकासाठी ती वस्तू जागेवर ठेवणे हे गावाचे काम आहे.