खानदेशच्या उन्हाचा हिशेब

माझे अब्बा भुसावळला रेल्वेत फायरमन होते. वाफेच्या इंजिनावर उभं राहून भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. ते ड्युटीवरून आले की अम्मी दारातच पाण्याची बादली ठेवायची. साबणानं तोंड उजळायचं, पण पापण्यांच्या कडेचा कोळसा जात नसे. आम्हा पोरांच्या डोळ्यांत ईदला सुरमा घालावा लागे. अब्बांच्या डोळ्यांत तो बाराही महिने असे.

‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द पेपरात वाचला की मला तो कोळसा आठवतो.

खानदेशात आगगाडी आली ती १८६० च्या दशकात. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची निकड भासली. तो कापूस मुंबईला पोचवण्यासाठी इथे कोळसा जळू लागला. भुसावळ शहर त्या कोळशावरच वाढलं. त्यानं कित्येक घरांना पगार दिला आणि फायरमनचा मुलगा बी. ए. झाला. तेव्हा कोळशाला नुसती नावं ठेवून मला चालायचं नाही.

वाफेची इंजिनं गेली, कोळसा मात्र राहिला. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. १९७९ आणि १९८२ मध्ये तिथे २१० मेगावॅटचे दोन संच आले, पुढे २०१२ ते २०१४ या काळात ५०० मेगावॅटचे आणखी दोन. वाघिणी भरभरून कोळसा येतो, हतनूर धरणातून तापीचं पाणी येतं, वीज राज्यभर जाते. राख मात्र इथेच राहते. कोळशावर एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक युनिट म्हणजे शंभर वॉटचा जुना बल्ब दहा तास जळणं. आपल्या घरचं बिल काढा आणि तेवढे किलो मोजा. हिशेब सोपा आहे.

या हिशेबाला दुसरी बाजू मिळाली ती धुळे जिल्ह्यात. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या लहान पवनचक्क्या प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यातलं वनकुसवडेचं पठार पवनचक्क्यांनी भरू लागलं. त्यानंतर पाळी आली साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलची. सह्याद्रीच्या पूर्वेकडची ही उंच, उघडी माळरानं. पावसाळ्यात इथे पाऊस बेताचा, पण वारं असं की डोक्यावर टोपी ठरू नये. त्या वाऱ्यावर सव्वा-सव्वा मेगावॅटची यंत्रं फिरू लागली. त्यांतली बरीच पुण्याच्या सुझलॉनची. ही कंपनी तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केली होती.

वाऱ्याला भांडवल कुठून आलं, तेही पाहण्यासारखं आहे. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवायची सवलत त्या वेळी होती. आयकर वाचवण्यासाठी दूरदूरच्या शहरांतल्या उद्योजकांनी साक्रीच्या माळावर चक्क्या विकत घेतल्या. फेब्रुवारी २००५ मध्ये क्योटो करार अमलात आला आणि धुळे जिल्ह्यातले पवनप्रकल्प ‘स्वच्छ विकास यंत्रणे’त नोंदले गेले. इथे जेवढा कार्बन वाचेल, तेवढ्याचं प्रमाणपत्र श्रीमंत देशांना विकता येऊ लागलं.

पण ज्या डोंगरावर चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातली बरीच जमीन वनखात्याची होती आणि तिथे आदिवासी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या नागली, बाजरी पेरत होती. त्यांच्या हाती सातबारा नव्हता. मोर्चे निघाले. वनहक्क कायदा आला तो डिसेंबर २००६ मध्ये. वाचलेल्या कार्बनची नोंद सातासमुद्रापार झाली, कसणाऱ्याची नोंद गावच्या दप्तरातही नव्हती.

माझी थोरली बहीण साक्री तालुक्यात दिली आहे. अब्बांना त्यांच्या म्हातारपणी मी तिकडे घेऊन गेलो होतो. पवनचक्कीखाली ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘इसमें कोयला नहीं लगता, ये तो समझा. आदमी कितने लगते?’’ मी म्हटलं, ‘‘अब्बा, इथे तर एक वॉचमन दिसतोय.’’ ते काही बोलले नाहीत.

वाऱ्यानंतर उन्हाची पाळी आली. २०१३ मध्ये साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प सुरू झाला. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनं कर्ज दिलं. ज्या उन्हाला आपण जन्मभर शिव्या दिल्या, त्यावर परदेशी बँक पैसे लावते याची तेव्हा गंमत वाटली होती. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सौरपट्ट्यांना उजेड हवा असतो, उष्मा नको असतो. पट्टी तापली की वीज थोडी घटते. म्हणजे आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्याचा त्यांनाही त्रासच होतो!

मोठ्या प्रकल्पाला एका मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते, म्हणजे जमिनीचा प्रश्न पुन्हा आलाच. पण ऊन छपरावर आणि बांधावरही पडतं. माझे दुल्हाभाई कांदा पिकवतात. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला एक वाजता बॅटरी घेऊन ते मोटर सुरू करायला निघत आणि ते परतेपर्यंत आपा जागी असे. साप, बिबट्या, ओल्या हातानं लागणारा शॉक, सगळ्याचीच भीती. आता त्यांच्या शेतात सौरपंप आहे. सरकारी योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के रक्कम भरायची असते, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के. २०१७ पासूनची सौर कृषिवाहिनी योजना शेतीच्या फीडरलाच दिवसा सौरवीज देऊ पाहते. शेतीचं भिजवणं दिवसा झालं की रात्रीसाठी तेवढा कोळसा कमी लागेल. कार्बनही वाचेल आणि आपाची झोपही.

सावध राहायचं ते पाण्यापाशी. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालला, तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आधीच खोल गेलेलं पाणी आणखी खाली जाईल. सौरपंपाबरोबर ठिबक हवंच. जळगावला ते वेगळं सांगायला नको. १९६३ मध्ये रॉकेल विकून धंद्याला सुरुवात केलेल्या भवरलाल जैन यांनी पुढे याच शहरातून ठिबक आणि सौरपंप देशभर नेले.

भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन २०२१ मध्ये ग्लासगोला दिलं. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-तेलाबाहेरचा झाला. प्रत्यक्ष तयार होणारी वीज मात्र अजून बहुतांश कोळशाचीच आहे, कारण ऊन मावळतं आणि वारं पडतं. दीपनगर उद्याच बंद होणार नाही. पण कधीतरी होईल. तिथे राबणारे हजारो हात, कोळशाच्या आणि राखेच्या ट्रकवर पोट असलेली घरं, त्यांची मुलं यांचं काय करायचं, हे आजच ठरवायला हवं. वाफेची इंजिनं गेली तेव्हा रेल्वेनं अब्बांना दुसरं काम दिलं, म्हणून आमची चूल पेटत राहिली.

अब्बांचा साक्रीतला प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. त्याचं उत्तर देणाऱ्यांनी कृपया वॉचमनच्या पुढे मोजावं.