बुल गटातील कुत्रे व जातनिहाय बंदी-कायदे

बैलावर कुत्रे सोडण्याच्या जुन्या इंग्रजी खेळासाठी वाढविलेला बुलडॉग आणि चपळ टेरिअर यांच्या संकरातून उतरलेल्या कुत्र्यांचा समूह. तसेच असे कुत्रे पाळणे, विकणे किंवा त्यांची पैदास करणे यांवर जातीच्या आधारे बंधने घालणारे कायदे. पिटबुल, स्टॅफर्डशर बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर, बुल टेरिअर व अमेरिकन बुली हे या समूहातील प्रमुख कुत्रे होत. अमेरिकन बुलडॉग तसेच बुलमॅस्टिफ, केन कोर्सो, डोगो आर्जेंटिनो या मॅस्टिफ वळणाच्या जातीही सैलपणे याच समूहात धरल्या जातात. रॉटवायलर मूळचा या समूहातला नाही. मात्र बंदीच्या चर्चेत त्याचे नाव पिटबुलच्या जोडीनेच येते.

उगम व नोंदणी

ब्रिटनमध्ये १८३५ च्या पशुक्रूरताविरोधी कायद्याने बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला. मोकळ्या मैदानातील हा खेळ गेल्यावर बंदिस्त आखाड्यात चोरून भरविता येणाऱ्या कुत्र्यांच्या झुंजींना जोर आला आणि त्यांसाठी ‘बुल अँड टेरिअर’ हा संकर लोकप्रिय झाला. १८६० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी त्यातून पांढरा, प्रदर्शनात मिरविता येईल असा बुल टेरिअर घडविला. आकाराने लहान असलेल्या स्टॅफर्डशर बुल टेरिअरला ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता १९३५ मध्ये मिळाली. शिकारचोरांना पकडण्यासाठी रखवालदारांनी वाढविलेला बुलमॅस्टिफ १९२४ मध्येच मान्य झाला होता.

स्थलांतरितांबरोबर हे कुत्रे अमेरिकेत गेले. तेथे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिटबुल टेरिअर ही जात नोंदविली. अमेरिकन केनेल क्लबने पिटबुल हे नाव टाळून १९३६ मध्ये त्याच कुळीच्या कुत्र्यांना ‘स्टॅफर्डशर टेरिअर’ म्हणून मान्यता दिली आणि १९७२ मध्ये त्या नावाआधी ‘अमेरिकन’ हा शब्द जोडला. त्यामुळे एकाच वंशावळीचे कुत्रे दोन नोंदवह्यांत दोन नावांनी दिसतात. ब्रिटनचा केनेल क्लब, अमेरिकन केनेल क्लब आणि आंतरराष्ट्रीय श्वानसंघ (एफसीआय) यांपैकी कोणीही पिटबुलला स्वतंत्र जात मानत नाही. जातनिहाय कायद्यांपुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे : ज्या कुत्र्यावर बंदी घालायची, त्याची सर्वमान्य व्याख्याच उपलब्ध नाही.

ब्रिटनचा १९९१ चा कायदा

जातनिहाय कायद्यांत ब्रिटनचा ‘डेंजरस डॉग्ज ॲक्ट, १९९१’ हा सर्वाधिक अभ्यासला गेलेला कायदा होय. मे १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड येथे सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलने केलेल्या हल्ल्यानंतर वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला. तत्कालीन गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईने विधेयक आणले आणि ऑगस्टमध्ये कायदा अमलात आला. घाईत केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून ब्रिटिश विधिवर्तुळात त्याचा आजही उल्लेख होतो.

कलम १ अन्वये पिटबुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो आर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांची पैदास, विक्री, देवघेव, भेट व जाहिरात निषिद्ध ठरली. अशा कुत्र्यांच्या मालकांना ३० नोव्हेंबर १९९१ पर्यंत मुदत देण्यात आली. त्यानंतर सूट-नोंदवहीत नाव असलेला कुत्राच ठेवता येई. निर्बीजीकरण, ओळखखूण आणि तृतीयपक्ष विमा या नोंदणीच्या अटी होत्या. सार्वजनिक जागी मुसके व पट्टा सक्तीचा झाला. स्टॅफर्डशर बुल टेरिअर यादीबाहेर राहिला.

कायद्याने ‘जात’ न म्हणता ‘प्रकार’ म्हटले आहे आणि पुढील सर्व खटले या निवडीभोवती फिरले. ब्रॉक विरुद्ध सरकारी अभियोग संचालक (१९९३) या प्रकरणात न्यायालयाने ठरविले, की ‘प्रकार’ ही संज्ञा जातीहून व्यापक आहे. पिटबुलची बरीचशी शारीरिक वैशिष्ट्ये ज्या कुत्र्यात आढळतील, तो वंशावळ काहीही असली तरी बंदीत येतो. त्यासाठीचा मापदंड म्हणून १९७७ मध्ये ‘पिटबुल गॅझेट’ या अमेरिकन नियतकालिकात छापलेले अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशनचे मानक घेतले गेले. कुत्र्याचा स्वभाव विचारात घेता येतो, पण तो निर्णायक नाही. अशा रीतीने पिटबुलप्रेमींच्या संस्थेने आपल्या कुत्र्यांच्या पारखीसाठी केलेले वर्णन ब्रिटिश न्यायालयांत बंदीचा निकष बनले.

पुराव्याचे ओझेही उलटे आहे. कुत्रा निषिद्ध प्रकारचा असल्याचा आरोप झाला, की तो तसा नाही हे मालकाने सिद्ध करावयाचे असते. मूळ कायद्यात दोष ठरल्यास कुत्र्याला मारण्याचा आदेश अनिवार्य होता. परिणामी, कोणालाही न चावलेले कुत्रे खटल्याच्या निकालापर्यंत पोलिसांच्या ताब्यातील कोंडवाड्यांत दीर्घकाळ अडकून पडले. १९९७ च्या दुरुस्तीने न्यायालयाला विवेकाधिकार मिळाला. सार्वजनिक सुरक्षिततेस धोका नसल्याची खात्री पटल्यास सशर्त सूट देता येऊ लागली.

कायद्याच्या कलम ३ चा जातीशी संबंध नाही. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या अनियंत्रित असणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१४ मध्ये त्याची व्याप्ती खासगी जागांपर्यंत नेण्यात आली आणि माणसाचा मृत्यू झाल्यास १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. बंदीच्या टीकाकारांच्या मते कायद्याचा खरा उपयोगी भाग हाच.

एक्सएल बुली

अमेरिकन बुली ही पिटबुल कुळीतून वेगळी काढलेली, अधिक भरदार बांध्याची जात असून युनायटेड केनेल क्लबने तिला २०१३ मध्ये मान्यता दिली. तिच्यातील सर्वांत मोठा नमुना म्हणजे एक्सएल बुली. ब्रिटनमधील अनेक जीवघेण्या हल्ल्यांशी त्याचे नाव जोडले गेल्यावर पंतप्रधान ऋषी सुनक यांनी १५ सप्टेंबर २०२३ रोजी बंदीची घोषणा केली. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून विक्री, पैदास व सोडून देणे बेकायदा ठरले. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राविना कुत्रा बाळगणे हा गुन्हा झाला. सूट घेण्यासाठी प्रत्येक कुत्र्यामागे ९२.४० पौंड शुल्क होते. कुत्रा मारून टाकणाऱ्या मालकास २०० पौंड भरपाईची सोय होती. शासनाच्या वर्णनानुसार खांद्यापाशी नराची उंची किमान ५१ सेंमी. व मादीची ४८ सेंमी. असून भरदार स्नायू व रुंद, चौकोनी डोके ही इतर लक्षणे होत. सूट मिळालेल्या कुत्र्यांची संख्या ५० हजारांवर गेली. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी २०२४ मध्ये याच वळणाचे नियम केले, तर आयर्लंड प्रजासत्ताकात १ ऑक्टोबर २०२४ पासून बंदी आली.

इतर देश

जर्मनी : जून २००० मध्ये हॅम्बुर्ग येथे सहा वर्षांचा मुलगा दगावल्यावर २००१ मध्ये चार बुल जातींच्या आयातीवर बंदी आली. संघराज्य घटना न्यायालयाने १६ मार्च २००४ च्या निकालात आयातबंदी वैध ठरविली, पैदासबंदी मात्र केंद्राच्या अधिकाराबाहेर असल्याने रद्द केली. कायदेमंडळाने परिणामांवर लक्ष ठेवावे, असेही त्यात म्हटले आहे.

फ्रान्स : १९९९ च्या कायद्याने ‘हल्ल्याचे’ व ‘राखणीचे’ असे दोन वर्ग केले. स्पेन : १९९९ चा कायदा व २००२ चे नियम यांनुसार आठ जातींसाठी परवाना व विमा सक्तीचा, सरसकट बंदी नाही.

नेदरलँड्स व इटली : यांनी जातनिहाय नियम करून नंतर मागे घेतले, नेदरलँड्सची १९९३ ची पिटबुलबंदी २००८-०९ मध्ये, तर इटलीची यादी २००९ मध्ये गेली.

अमेरिका : निर्बंध मुख्यतः शहर व कौंटी पातळीवर आहेत. डेन्व्हरची १९८९ ची बंदी २०२० च्या सार्वमताने उठून परवाना-पद्धत आली. मायामी-डेड कौंटीची १९८९ चीच बंदी २०२३ च्या फ्लॉरिडा राज्य कायद्याने संपली. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पिटबुल स्वभावतःच धोकादायक असल्याचे धरून मालक व घरमालक यांच्यावर कठोर दायित्व लादले होते. २०१४ मध्ये राज्य विधिमंडळाने ते बदलले. वीसहून अधिक राज्यांनी स्थानिक संस्थांना जातनिहाय नियम करण्यास मनाई केली आहे.

कॅनडा : ऑन्टॅरिओत २००५ पासून पिटबुलबंदी.

भारत

भारतात पिटबुलसारखे कुत्रे अलीकडच्या काळात महानगरांत हौसेने पाळले जाऊ लागले. लखनौच्या कैसरबाग भागात जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या वृद्धेचा बळी घेतल्यानंतर हा विषय देशभर गाजला. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर व डोगो आर्जेंटिनो पाळण्यास मनाई केली.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ मधील निर्देशानंतर केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना पत्र पाठविले. तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून २३ जातींच्या आयात, पैदास व विक्रीस परवाना देऊ नये आणि घरोघरी आधीच असलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे त्यात म्हटले होते. यादीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशर, अमेरिकन बुलडॉग, रॉटवायलर, केन कोर्सो, बोअरबोल, कांगल, अकिता, ऱ्होडेशियन रिजबॅक, कॉकेशियन शेफर्ड इत्यादी नावे होती. यादीची मांडणी सदोष होती. टोसा व बोअरबोल यांचा उल्लेख दोनदा झाला होता. ‘टेरिअर’ हा तर संपूर्ण गटच एक नोंद म्हणून आला होता, ज्यात काखेत मावणारा यॉर्कशर टेरिअरही बसतो. शेवटी ‘बॅनडॉग म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा’ असे सर्वसमावेशक कलम होते.

पत्रास ठिकठिकाणी आव्हान मिळाले. कोलकाता व केरळ उच्च न्यायालयांनी अंशतः स्थगिती दिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी संबंधितांशी सल्लामसलत न केल्याच्या कारणावरून ते रद्द केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. त्यानंतर केंद्राने मे २०२४ मध्ये जनतेकडून हरकती मागविल्या. न्यायालयांनी बंदीची कल्पना फेटाळलेली नाही, तिची कार्यपद्धती फेटाळली आहे. हा भेद वृत्तपत्रांतील वृत्तांतांत बहुधा हरवला.

गोव्यात हणजूण येथे ऑगस्ट २०२४ मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. त्यानंतर पिटबुल व रॉटवायलर यांवरील बंदीची चर्चा सुरू होऊन २०२५ मध्ये विधानसभेने हिंस्र प्राण्यांची पैदास व पाळणूक यांसंबंधीचे विधेयक संमत केले. मुंबईत मानखुर्द येथे जुलै २०२५ मध्ये रिक्षात बसलेल्या मुलाला पिटबुल चावत असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली व मालकावर गुन्हा नोंदला गेला. मुंबई, पुणे येथील महापालिकांचा श्वानपरवाना सर्व जातींना सारखाच लागू असून रेबीज लसीकरण ही त्याची मुख्य अट आहे.

मालकाच्या निष्काळजीपणास भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (पूर्वीचे भारतीय दंडसंहिता कलम २८९) लागू होते : सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कोणत्याही पाळीव प्राण्यास लागू आहे.

झुंजी

भारतात प्राणी झुंजविणे हा पशुक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे.

पाळणूक व आरोग्य

आखूड केस, दाट स्नायू, सुमारे ३ ते १४ आठवड्यांच्या वयात माणसांशी व इतर कुत्र्यांशी ओळख करून देण्याची गरज, रोजचा भरपूर व्यायाम. त्वचेचा दाह व डेमोडेक्स खरूज सामान्य. पांढऱ्या बुल टेरिअरमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो. स्टॅफर्डशर बुल टेरिअरमधील आनुवंशिक मोतीबिंदू व एल-२-एचजीए हा चयापचयाचा विकार यांसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत.

पुरावा व मतभेद

बंदीचे समर्थक जखमेच्या तीव्रतेवर भर देतात : इतर कुत्रेही चावतात, परंतु हे कुत्रे पकड सोडत नाहीत आणि बळी बहुधा बालके व वृद्ध असतात. अमेरिकेतील १९७९ ते १९९८ या काळातील श्वानदंशमृत्यूंच्या पाहणीत, जात ज्ञात असलेल्या घटनांपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल प्रकार व रॉटवायलर आढळले. मात्र प्रत्येक जातीचे एकूण कुत्रे किती हे माहीत नसल्याने या आकड्यांवरून जातीचा धोका ठरवू नये, असा इशारा संशोधकांनी त्याच निबंधात दिला होता. दोन्ही बाजू हाच निबंध आपल्या सोयीने वापरतात. पिटबुलचा जबडा ‘कुलूपबंद’ होतो ही समजूत शरीररचनेच्या आधारे खरी नाही.

नुसत्या पाहण्याने जात ओळखणे कितपत शक्य आहे, हा दुसरा मुद्दा. फ्लॉरिडातील चार निवाऱ्यांमधील १२० कुत्र्यांच्या अभ्यासात (२०१५) कर्मचाऱ्यांनी ६२ कुत्र्यांना पिटबुल वळणाचे म्हटले. डीएनए चाचणीत तसा वारसा २५ कुत्र्यांतच आढळला. ‘सायन्स’ नियतकालिकातील २०२२ च्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासानुसार एखाद्या कुत्र्याच्या वर्तनातील फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. हा निष्कर्ष सर्व वर्तनांच्या सरासरीचा आहे. क्वचित घडणाऱ्या प्राणघातक हल्ल्यांविषयी तो थेट काही सांगत नाही.

ब्रिटनमधील आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था, केनेल क्लब व पशुवैद्यक संघटना जातनिहाय बंदीच्या विरोधात आहेत. ब्रिटिश संसदेच्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार समितीनेही २०१८ मध्ये कायद्याचा सर्वंकष फेरविचार सुचविला. शासनाने ती शिफारस स्वीकारली नाही आणि पाच वर्षांनी यादीत पाचवे नाव घातले. यादी करणे सोपे आणि यादीतला कुत्रा ओळखणे अवघड असल्याने अशा कायद्यांचा बराच खर्च कुत्र्यांच्या ओळखीच्या वादांवर होतो. परवाना, विमा, मुसके आणि मालकाचे दायित्व यांबाबतचे नियम जात न पाहता सर्व कुत्र्यांना लावता येतात.