डोंगरावरच्या रेघा

बैठकीत हप्ते गोळा होऊन वही मिटली, की आमच्या गटात एक विषय हमखास निघतो. "राष्ट्रीय उद्यान होणार म्हणे, मग वाडी उठणार का?" परवा एक ठाकर आजी म्हणाल्या, "डोंगर तिथंच हाय, रेघा तेवढ्या नव्या येतात." आज त्या रेघांविषयीच आम्ही बोलणार आहोत.

पहिली रेघ इंग्रजांची. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली आपल्या खालापुरातल्या चौकहून वर चढले आणि त्यांनी माथेरान 'शोधले', असे पुस्तकात असते. डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर होतेच की! पुढे १८७८ चा वन कायदा आला. जंगल राखीव झाले, आणि लाकूडफाटा, चराई या रोजच्या गोष्टींना परवानगी लागू लागली. नाचणी-वरीसाठी उतारावर मिळालेली दळीची जमीनही खात्याच्या मर्जीवर राहिली. आपल्याच जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी लोकांनी जंगल सत्याग्रह केला, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

दुसरी रेघ १९८५ ची, भीमाशंकर अभयारण्याची. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरले आहे. तिसरी ४ फेब्रुवारी २००३ ची. केंद्राने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर भाग 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' ठरवला.

इथेच घोटाळा होतो, म्हणून नीट ऐका. संवेदनशील क्षेत्र म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे. उद्यानात चराई बंद असते आणि आतल्या जमिनीवरचे हक्क सरकारकडे जातात. संवेदनशील क्षेत्रात गाव, शेत, मालकी जिथल्या तिथे राहते. खाणी, कारखाने, बांधकाम यांवर बंधने येतात. आमच्यातल्या काही जणींना ती हवीच आहेत. डोंगर पोखरला की झरा आटतो, आणि हंडा घेऊन लांब जावे लागते ते आपल्यालाच. दुसऱ्या म्हणतात, बाहेरच्यांचे बंगले उठतात, आमच्या वाडीच्या रस्त्याला मात्र नियम आडवा येतो. दोघींचेही आम्हाला पटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने रेघ ओढण्याच्या कामात पहिल्यांदा ग्रामसभेला बसवले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना दावा करता येतो, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात. दाव्याच्या ठरावाला ग्रामसभेत निम्मे सभासद हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आमच्या एका वाडीत सभा दोनदा तहकूब झाली. बाया लावणीला गेल्या होत्या आणि तारीख त्यांना कोणी विचारलीच नव्हती.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना पेटीतले दळीचे जुने कागद, दंडाच्या पावत्या घेऊन या. फाटके असले तरी चालतील. आणि सभेची तारीख आपण आधी ठरवू, मग ग्रामसेवकांना कळवू.